बडोद्याहून केरळच्या हाउसबोटीवर: आधी गाडी, मग बोट

आपल्याकडून केरळला जाणाऱ्या घरांचं हाउसबोटीचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं. आधी बोट ठरते, हौसेने पैसेही भरले जातात आणि मग गाडीची तिकिटं शोधायला बसतात. क्रम उलटा हवा. कारण बोटीचं घड्याळ ठरलेलं असतं. साधारण दुपारी १२ वाजता बोटीवर चढायचं, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता उतरायचं. मधे जेवणाचा थांबा. म्हणजे भाडं भरता २१ तासांचं, पण बोट प्रत्यक्ष पाण्यावर चालते जेमतेम पाच तास. तुमची गाडी तीन तास उशिरा आली तर बोटवाल्याचं काही जात नाही, जातात ते तुमचे तीन तास.

आमच्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. सकाळी पोचणारी गाडी दुपारी पोचली आणि जेटीवर यायला सव्वातीन वाजले. साडेपाचला सारंगाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, दोर माडाच्या बुंध्याला गुंडाळला, इंजिन थांबलं. सासूबाई तोवर नुकत्या कुठे खुर्चीत टेकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "एवढंच?" तो प्रश्न मला आजही टोचतो. त्यानंतर तीन वेळा गेले, दांडिया बाजारातल्या आणि मांजलपूरच्या नातेवाइकांची ठरवाठरवी करून दिली. तेच प्रश्न आणि त्याच चुका पुन्हा पुन्हा समोर आल्या, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. माणसं मोजा, गुडघेही मोजा

किती जण आणि कोणत्या वयाचे, हे आधी कागदावर लिहा. बोटीवर चढायला बहुतेक जेटींवर एक फळी टाकलेली असते किंवा काठावरून थेट बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, पण वाकायला आणि पाय उचलायला जमलं पाहिजे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी माडीवाली बोट घेऊ नका. वर बसून नजारा छान दिसतो, पण जिना अरुंद आणि उभा असतो, आणि मग आजी एकट्या खाली बसून राहतात.

पाच वर्षांच्या आतली दोन-तीन मुलं बरोबर असतील तर मुक्कामाच्या बोटीचा हट्ट धरू नका. बोटीच्या कडेचा कठडा बुटका असतो आणि दोन मोठी माणसं पूर्ण वेळ मुलांमागे उभी राहतात. अशा घरांनी कालव्याकाठच्या होमस्टेमध्ये राहावं आणि सकाळी तीन-चार तासांची शिकारा घ्यावी. माझ्या भाचीने असंच केलं, आणि हाउसबोट घेतलेल्या तिच्या जावेपेक्षा तिनेच जास्त कालवे पाहिले.

इशारा: बोटीवर दोन रात्री राहायचा बेत करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यातून, त्याच वेळेत पुन्हा फिरणं होतं. एक रात्र बोटीवर आणि दुसरी काठावर, हे पैशाने आणि मनानेही बरं पडतं.

२. महिना ठरवा

दिवाळीची सुटी लागली की अर्धं बडोदं बाहेर पडतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात परतीचा पाऊस असतो, तिथे त्याला तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर ढग भरून येतात, विजांसह कोसळतो. नेमकी तीच बोट चालायची वेळ. दिवाळीतच जायचं असेल तर जा, पण एखादी दुपार भिजण्यात जाईल हे धरून चला, आणि वीज कडाडायला लागली की सारंग बोट काठाला लावेल तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका.

नाताळ ते नववर्ष भाडं चढतं आणि जेटीवर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. मार्च ते मे घाम निथळतो. जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी पाऊस. आलेप्पीच्या आसपासच्या कुट्टनाडचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे, त्यामुळे तिथे पाणी लवकर चढतं आणि हवामानखात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की बोटी बंद ठेवायला लावतात.

माझं मत विचाराल तर उत्तरायण गच्चीवर साजरी करा आणि त्यानंतर निघा. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, आणि कुट्टनाडात पुंज म्हणजे मुख्य भाताचं पीक उभं असतं. बांधाच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या पातळीच्याही खाली, हिरवंगार शेत. कापणी मार्च-एप्रिलला होते, त्यानंतर हे दृश्य उरत नाही.

३. आता गाडीची तिकिटं, बोटीच्या आधी

बडोद्याहून कोकण रेल्वेमार्गे केरळला थेट गाड्या आहेत: ओखा–एर्णाकुलम, वेरावळ–तिरुवनंतपुरम, अजमेरहून येणारी मरुसागर, इंदूरहून येणारी, अशा काही. पण त्या रोज नाहीत, बहुतेक आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. म्हणून बोटीचा वार आपल्या सोयीने नाही, गाडीच्या वाराने ठरतो.

या क्रमाने करा:

पहिलं, परतीच्या गाडीचा वार पाहा. जायला कशीही सोय होते, मुंबईहून गाडी बदलता येते. यायला सगळे थकलेले असतात आणि पनवेलला किंवा वसईला सामान उतरवून चढवणं नको होतं.

दुसरं, जायच्या गाडीचा वार असा निवडा की तिथे पोचण्याचा दिवस आणि बोटीचा दिवस यांत एक रात्र येईल. हे या सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. दीड दिवसाच्या प्रवासात गाडी दोन-चार तास मागे पडणं नवं नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. शिवाय छत्तीस तास डब्यात काढलेल्या माणसाला थेट बोटीवर नेलं तर तो पाणी बघत नाही, झोपतो.

तिसरं, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा त्या सकाळीच बसा. पूर्वी १२० दिवस मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासून मुदत निम्मी झाली आहे. जुन्या सवयीने चार महिने आधी शोधून "गाडीच दाखवत नाही" म्हणणारे अजून भेटतात.

चौथं, स्टेशनाचं नाव नीट बघा. कोचुवेलीचं नाव आता तिरुवनंतपुरम नॉर्थ झालं आहे. एर्णाकुलमला दोन स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाउन. आणि एर्णाकुलमच्या पुढे रूळ दोन वाटांनी जातात. एक अलप्पुळामार्गे, म्हणजे ज्याला आपण आलेप्पी म्हणतो, आणि दुसरी कोट्टयममार्गे. तुमची गाडी कोणत्या वाटेची आहे हे तिकीट काढण्याआधी थांब्यांच्या यादीत तपासा. कोट्टयमच्या गाडीत बसून आलेप्पीची वाट बघत बसलेलं एक कुटुंब मी स्वतः पाहिलं आहे.

विमानाने जाणाऱ्यांनी मुंबईहून किंवा अहमदाबादहून कोची धरावं. विमानतळ नेडुंबाश्शेरीला आहे, तिथून आलेप्पी साधारण ८० किलोमीटर. रस्त्यावर गर्दी असते, अडीच तास हाताशी ठेवा. सकाळच्या विमानाने उतरून दुपारी १२ ची बोट पकडायचा बेत कागदावर जमतो, रस्त्यावर जमत नाही.

तपासा: जायचं आणि यायचं तिकीट हातात, दोन्ही कन्फर्म. तोवर बोटवाल्याला एक रुपयाही पाठवायचा नाही.

४. कुठलं पाणी?

आलेप्पीत बोटी सगळ्यात जास्त, त्यामुळे भाव करायला वाव. पुन्नमड, कैनकरी, नेडुमुडी या बाजूला कालवे, भातशेती, पाण्याकाठची घरं, सगळं जवळून दिसतं. तोटा म्हणजे गर्दी. हंगामात बोटीमागे बोट लागते.

कुमरकम शांत. कोट्टयम स्टेशनपासून १५ किलोमीटरच्या आसपास. इथे बोट मुख्यतः वेंबनाड तलावात फिरते. तलाव इतका रुंद की मधे गेल्यावर दोन्ही काठ धूसर होतात. मोकळं पाणी आवडत असेल तर हेच. पण गावं, माणसं, बदकांचे कळप बघायचे असतील तर मधे गेल्यावर दोन तासांनी कंटाळा येतो, आणि दुपारी वारा सुटला की बोट थोडी हलते.

कोल्लमला अष्टमुडी तलाव आहे. बोटी कमी, शेजारी मनरो बेटाच्या चिंचोळ्या कालव्यांतून छोट्या होडीने फिरता येतं. बडोद्याहून आणखी पुढे जावं लागतं, एवढंच.

आणि एक जागा जिचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही: उत्तर केरळातलं नीलेश्वरम आणि वलियपरंबा. आपली गाडी मंगळूर ओलांडून केरळात शिरते ती याच बाजूने. कासरगोड, पय्यन्नूर भागात उतरलात तर आलेप्पीपर्यंतचे पाच-सहा तास वाचतात. बोटी थोड्या, गर्दी नाही, एका बाजूला खाडी आणि पुळणीपलीकडे समुद्र. कोची-मुन्नार करायचंच नसेल, फक्त पाणी हवं असेल, तर मी हल्ली हेच सुचवते.

५. बोट निवडताना विचारायचे प्रश्न

डिलक्स, प्रीमियम, लक्झरी या शब्दांवर जाऊ नका. एकाची प्रीमियम दुसऱ्याच्या डिलक्सहून जुनी निघते. त्यापेक्षा खालचे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फोनवर सगळे "हो सर, हो मॅडम" म्हणतात.

बोटीचा नोंदणी क्रमांक काय आणि तिची माणसांची मर्यादा किती? हा क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो. क्रमांक आधी मिळाला की जेटीवर बोट बदलून दिली तर लगेच कळतं. फोटो एका बोटीचा आणि प्रत्यक्षात दुसरी, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. फोटोऐवजी आजचा काढलेला व्हिडिओ मागा. ज्यात बाथरूम, गादी आणि नोंदणी क्रमांक सलग दिसेल असा. खरा बोटवाला पाच मिनिटांत पाठवतो.

एसी किती वाजता सुरू? साध्या एसी बोटीत तो रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच चालतो आणि फक्त झोपायच्या खोलीत. दुपारच्या जेवणानंतर खोलीत जाऊन बटण दाबणाऱ्यांची फार निराशा होते. दिवसभर हवा असेल तर पूर्ण वेळ एसीची बोट वेगळी असते आणि भाडंही वेगळं.

बोट किती तास चालणार आणि कुठून कुठे? वाटेतल्या दोन-तीन गावांची नावं लिहून घ्या. डिझेल वाचवायला काही जण तासभर फिरवून दुपारीच कुठेतरी बांधून ठेवतात.

रात्री बोट कुठे बांधणार? हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही आणि रात्रीचं सगळं सुख-दुःख त्यावर अवलंबून असतं. चांगली जागा म्हणजे शेताच्या बांधाला, शेजारी दुसरी बोट नसलेली. वाईट जागा म्हणजे जेटीवर आठ-दहा बोटी एकमेकींना चिकटून, शेजारच्या बोटीवर गाणी आणि दोन्हीकडून जनरेटरचा आवाज. वीज काठावरून घेणार की रात्रभर जनरेटर चालवणार, तेही विचारा.

संडासाचं पाणी कुठे जातं? बायोटॉयलेट किंवा टाकी असलेली बोटच घ्या. ज्या पाण्यात आपण सोडतो त्याच पाण्यात काठावरच्या बाया सकाळी भांडी घासतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.

जेवण. इथे थोडं थांबून सांगते. नेहमीच्या भाड्यात दुपारचं जेवण, चहा-भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता असतो. दुपारी जाड लाल भात, सांबार, तोरन म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, पापड आणि तळलेला मासा, बहुतेक वेळा करिमीन. फोडणी खोबरेल तेलाची. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच दुसरं तेल मागावं. शाकाहारी घरांनी "पच्चक्करी मात्रम" असा निरोप द्यावा, म्हणजे फक्त भाज्या, आणि मासा तळायची कढई वेगळी ठेवा असं वेगळं सांगावं. नुसतं "व्हेज" म्हटलं तर मासा ताटात येत नाही, पण कढई तीच असते. रात्री पोळ्या हव्यात हेही आधीच कळवा. मासे खाणारी सीकेपी मंडळी बरोबर असतील तर वाटेत बोट मासळीच्या टपरीशी थांबते, तिथली मोठी कोळंबी बघून मन राहवत नाही. भाव किलोचा सांगतात, आणि वजनात लांब नांग्या येतात. घ्या, पण बोटीवरच्या स्वयंपाक्याला बरोबर उतरवा आणि शिजवायचे वेगळे पैसे नाहीत ना, हे तिथेच विचारा.

६. पैसे आणि लेखी पावती

दोन-तीन बोटवाल्यांकडून भाव घ्या, एकाच दिवसाचा आणि तेवढ्याच खोल्यांचा. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार स्वस्त पडतो. आगाऊ रक्कम चौथाई भाड्याहून जास्त देऊ नका, बाकी बोट बघून, चढल्यावर. आलेप्पीत जिल्हा पर्यटन परिषदेचा काउंटरही आहे. ज्यांना हंगाम नसताना ऐनवेळी ठरवायचं आहे त्यांनी आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन चार बोटी आतून बघाव्यात. यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. नाताळात मात्र हा धोका पत्करू नका.

लेखी संदेशात एवढं हवं: तारीख, नोंदणी क्रमांक, खोल्या, माणसं, एसीची वेळ, जेवण, एकूण रक्कम करांसह, आणि पावसाने किंवा सरकारी आदेशाने बोट बंद राहिली तर पैसे परत मिळणार का. शेवटचा मुद्दा लिहून घेतला नाही तर नंतर फक्त "पुढच्या वेळी या" ऐकायला मिळतं.

७. सामान

मोठ्या चाकांच्या बॅगा फळीवरून नेताना त्रास होतो. प्रत्येक खोलीमागे एका रात्रीची एक छोटी पिशवी वेगळी भरा, मोठ्या बॅगा तुमच्या गाडीत किंवा आदल्या रात्रीच्या मुक्कामी ठेवा.

पिशवीत: सुती कपडे, डास पळवायचं मलम (अंधार पडला की लागतंच), विजेरी, नेहमीची औषधं, मुलांसाठी अंगावर नीट बसणारं लाइफ जॅकेट. हो, मुलांचं जॅकेट घरून न्या. बोटीवर असतात ती बहुतेक मोठ्यांच्या मापाची. मूल पाण्यात पडलं तर सैल जॅकेट वर येतं आणि मूल खाली जातं.

गाडीसाठी थेपले, लीलो चिवडो, भाखरवडी घ्या. पण ती बोटीवर उघडू नका. उघडलीत तर वेष्टनं पिशवीत भरून परत आणा. बोटीवर चार वेळा खाणं येतं, आणि वेष्टनं वाऱ्याने पाण्यात जातात.

८. आदली रात्र आणि बोटीची सकाळ

आदल्या रात्री आलेप्पीत किंवा एर्णाकुलमला राहा. एर्णाकुलमहून सकाळी निघायचं असेल तर ८ च्या आत बस किंवा गाडी पकडा. आलेप्पीचं रेल्वे स्टेशन समुद्राच्या बाजूला आहे, बोटी गावाच्या दुसऱ्या अंगाला, मधे रिक्षा लागते. रिक्षावाल्याला नुसतं "हाउसबोट" म्हणू नका, तो आपल्या ओळखीच्या बोटीकडे नेईल. बोटवाल्याकडून जेटीचं लोकेशन आणि सारंगाचा नंबर रात्रीच घ्या.

हातात दोन तास असतील तर सकाळी राज्य जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटीने एक फेरी मारा. तिकीट अगदी थोडं. शाळेची मुलं, मासळीच्या पाट्या, पोस्टाच्या पिशव्या घेऊन ती प्रत्येक धक्क्याला लागते. हाउसबोटीवरून काठ दिसतो, या बोटीवर काठावरची माणसं शेजारी येऊन बसतात.

पावणेबाराला जेटीवर हजर व्हा. १२ म्हणजे चढायची वेळ, निघायची नाही. नोंद, ओळखपत्रं, सामान यात अर्धा तास जातो आणि तो तुमच्या पाच तासांतून जातो.

९. चढल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

इथे घाई करू नका. चपला काढा, सरबत प्या, आणि बोट सोडण्याआधी हे पाहा.

नोंदणी क्रमांक जुळतो का? खोल्यांचे दिवे, पंखे, फ्लश, पाणी चालतं का? एसी दोन मिनिटं सुरू करून बघा, रात्री ९ ला बिघाड कळला तर मेकॅनिक येत नाही.

आणि मग लाइफ जॅकेटं. "आहेत" हे उत्तर चालणार नाही. काढून दाखवा म्हणा. माणसं मोजा, जॅकेटं मोजा, एकेक पट्टा ओढून बकल बसतं का ते बघा. गेल्या वेळी आमच्या बोटीत बारा होती, त्यातल्या तीन जॅकेटांची बकलं तुटलेली आणि सगळी पलंगाखालच्या पेटीत, वर उशांचा ढीग. मी ती बाहेर काढून बैठकीतल्या बाकावर ठेवायला लावली. सारंग थोडा रागावला, मग त्यानेच शेजारच्या बोटीतून तीन बदलून आणली.

मला हे बोलताना अवघडल्यासारखं होत नाही, आणि बडोद्यातल्या कुणालाच होऊ नये. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात बोट उलटली, सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मे २०२३ ला केरळातच तानूरला संध्याकाळी पर्यटकांची बोट बुडाली, २२ जण गेले. तिथेही बोट खचाखच भरलेली. दोन्ही ठिकाणी पाणी फार लांबचं नव्हतं, काठ दिसत होता.

इशारा: मर्यादेपेक्षा एकही माणूस जास्त असेल तर बोट सोडू देऊ नका. "लहान मूल मोजत नाही" हे कुणी म्हटलं तरी. माणसं जास्त झाली तर दुसरी बोट घ्या. अंधार पडल्यावर "अजून एक चक्कर" मारायला पैसे देऊ नका. संध्याकाळी बोटी थांबतात त्या कोळ्यांची जाळी पडायची वेळ असते म्हणून, त्यात बोटीचा पंखा अडकला तर त्यांचं नुकसान आणि तुमचा धोका.

१०. दुपार

बोट निघाल्यावर पहिला तास पुढच्या बाकावर, सारंगाच्या शेजारी बसा. त्याला "चेट्टा" म्हणा, म्हणजे दादा. बरेच जण कामापुरतं हिंदी-इंग्रजी बोलतात. तोच दाखवतो की बांधापलीकडचं शेत पाण्याच्या खाली आहे आणि पंपाने पाणी उपसून ते कसं कोरडं ठेवतात. अरुंद कालव्यात वळताना तो इंजिन मंद करतो, बोटीचं माडांच्या झावळ्यांचं छप्पर काठच्या फांद्यांना घासतं, आणि पायरीवर बसून तांदूळ धुणारी बाई आपल्या अंगणाच्या उंचीवरून आपल्याकडे बघते. ते तिचं अंगण आहे. मोबाइल खाली ठेवा, नमस्कार करा.

जलपर्णी फार साचली असेल तर मार्ग बदलावा लागतो, पंख्यात अडकते. हे बोटवाल्याचं कारण खरं असतं. मार्ग बदलला तरी तास कमी होता कामा नयेत, एवढं बघा.

हाउसबोट अगदी चिंचोळ्या कालव्यात शिरू शकत नाही. चारच्या सुमारास चहाच्या थांब्यावर तासाभरासाठी छोटी होडी मिळते का विचारा. पैसे वेगळे पडतात, पण ते द्या. पाण्यात मात्र उतरू नका. वरून संथ दिसतं, तळाशी चिखल असतो आणि बोटींची ये-जा थांबत नाही.

गुजरातेतून आल्यावर काहींना दारूची मोकळीक खुणावते. बोटीवर ती नको, निदान पाणी कडेला असेपर्यंत तरी नको. रात्री अंधारात कठड्याशी जाणारा माणूस सावध हवा.

११. रात्र

बोट बांधली की दारं-खिडक्या लगेच लावून घ्या, दिवा लागला की किडे येतात. काठावर थोडं चालून या, पण बांधावरून विजेरीशिवाय नको. मुलांना जेवणानंतर डेकवर एकटं सोडू नका. खोलीचं दार आतून लावा आणि रात्री डेकवर जायचंच झालं तर कुणाला तरी उठवून जा.

आवाजाचा त्रास होत असेल तर ९ च्या आधीच सारंगाला सांगा. थोडी पुढे नेऊन बांधता येते, १० नंतर कुणी दोर सोडत नाही.

१२. सकाळ आणि उतरणं

साडेपाचला उठा. धुकं असतं, बदकांचे कळप होडीतून हाकत नेणारे दिसतात, आणि आदल्या दिवशी न दिसलेले पक्षी दिसतात. अंधारून असतानाच चहा मागून ठेवा, स्वयंपाकी आनंदाने देतो. नाश्त्याला इडली किंवा अप्पम. साडेसात-आठला बोट परतीला लागते.

९ ला उतरायचं म्हणजे पावणेनऊला सामान बाहेर. पलंगाखाली, चार्जरच्या बोर्डाशी आणि बाथरूमच्या खुंटीवर बघा. आमच्याकडच्या खेपांत दोन चार्जर आणि एक जोडवं तिथेच राहिलं. बक्षिसी सारंग, इंजिनवाला आणि स्वयंपाकी या तिघांना वेगवेगळी हातात द्या. एकाकडे दिली तर कुणाला किती पोचली ते कळत नाही. वरचा हिशेब चुकता करताना आधी ठरलेल्या लेखी संदेशातली एकूण रक्कम उघडून समोर ठेवा, म्हणजे कोळंबीचे किंवा होडीचे पैसे दोनदा लागत नाहीत.

परतीची गाडी त्याच दिवसाची असेल तर ती दुपारी ३ नंतरची असावी, आणि एर्णाकुलमला जंक्शन की टाउन ते तिकिटावर पुन्हा एकदा वाचूनच रिक्षात बसा.